वेग भरपूर, तरीही कॉल तुटक

प्रश्न : आमच्या घरी १०० एमबीपीएसचे कनेक्शन आहे. राउटर बाहेरच्या खोलीत, टीव्हीमागच्या कपाटात आहे आणि मी आतल्या खोलीतून कार्यालयीन व्हिडिओ कॉल घेते. चित्रपट न अडखळता चालतात, स्पीड टेस्टही उत्तम येते. पण कॉलवर माझे चित्र गोठते आणि माझा आवाज इतरांना तुटक ऐकू येतो. त्यांचा आवाज मला बहुतेक वेळा नीट येतो. मोठा प्लॅन घ्यावा की राउटर बदलावा?

उत्तर : तूर्त दोन्ही नको. दोष कुठल्या टप्प्यात आहे हे आधी ठरवावे लागेल आणि त्याची एक खूण तुमच्या पत्रातच आहे. इतरांचे बोलणे तुमच्यापर्यंत येते, तुमचे मात्र त्यांच्यापर्यंत धड पोहोचत नाही. म्हणजे अडचण बहुधा बाहेर जाणाऱ्या वाटेवर, अपलोडच्या बाजूला आहे.

चित्रपट नीट चालतो यावरून कॉलबद्दल काहीच अनुमान काढता येत नाही. चित्रपटाचा पुढचा भाग आधीच उतरवून ठेवलेला असल्यामुळे मधे दोन-चार सेकंद जोडणी खुंटली तरी आपल्याला पत्ता लागत नाही; कॉलमध्ये असा साठा करायची सोय नाही, कारण समोरच्याने पुढचे वाक्य अजून उच्चारलेलेच नसते. कॉलला वेग फारसा लागत नाही, बहुतेक वेळा ४ एमबीपीएसच्या आतच भागते. त्याला हवा असतो तो नियमितपणा: आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकाला साधारण १५० मिलिसेकंदांच्या आत आणि दर वेळी जवळपास तेवढ्याच वेळात पोहोचणे. स्पीड टेस्ट सरासरी वेग ठळकपणे दाखवते; मधले हिसके त्या आकड्यात दिसत नाहीत.

म्हणून कॉल बिघडलेला असतानाच लॅपटॉपवर पिंगची (ping, म्हणजे समोरच्या यंत्राचे उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी) आज्ञा देऊन पाहा. पिंगपुढे राउटरचा पत्ता टाकावा; तो बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो आणि राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर सापडतो. विंडोजवर चार उत्तरांनंतर ही चाचणी थांबते, त्यामुळे आज्ञेच्या शेवटी उणे चिन्ह आणि इंग्रजी टी हे अक्षर जोडून ती दोन-तीन मिनिटे चालू ठेवावी. घरातल्या घरात उत्तर २ ते १० मिलिसेकंदांत यायला हवे. ते मधेच २०० वर उडी मारत असेल किंवा येतच नसेल, तर दोष तुमच्या वायफायचा आहे आणि मोठ्या प्लॅनने त्यात काडीचाही फरक पडणार नाही. घरातले आकडे स्थिर असून तशीच पिंग ८.८.८.८ या बाहेरच्या, गूगलच्या पत्त्यावर दिल्यावर तिथली उत्तरेच हेलकावत असतील, तर मात्र दोष राउटरच्या पलीकडे आहे किंवा अपलोडची वाट तुंबली आहे.

माझा पहिला संशय कपाटावर आहे. लॅपटॉपची प्रक्षेपणशक्ती सहसा राउटरपेक्षा कमी असते; त्यामुळे राउटरचे बोलणे भिंती ओलांडून तुमच्यापर्यंत येते, तुमचे उत्तर मात्र वाटेत विरते. त्यातच टीव्हीचा धातूचा सांगाडा मधे उभा आहे. राउटर कपाटाबाहेर, छातीएवढ्या उंचीवर आणि शक्यतो घराच्या मध्यभागी ठेवून पाहा. (शोभेपायी राउटर लपवण्याची हौस बऱ्याच घरांत असते, आणि तो लपतोही अगदी उत्तम!)

त्यानंतर बँड, म्हणजे वायफाय ज्या लहरींच्या पट्ट्यावर चालते तो, पाहावा. २.४ गिगाहर्ट्झचा बँड लांबवर पोहोचतो, पण त्यात शेजाऱ्यांची वायफाय, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन अशी सगळी गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झचा भिंतींपुढे लवकर थकतो, पण तुलनेने मोकळा असतो. दोन्हींना एकच नाव दिलेले असेल तर उपकरण आपल्या मर्जीने बँड निवडते, म्हणून नावे वेगळी करून कॉलसाठी ५ गिगाहर्ट्झ वापरून पाहा. आतल्या खोलीत तो पोहोचतच नसेल तर २.४ वरच राहून १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचा चॅनल (बँडमधला छोटा भाग) राउटरमध्ये निवडावा. हे तीन एकमेकांवर चढत नाहीत, मधले मात्र शेजारच्यांत लुडबुडतात.

कॉलच्या वेळी कुणाच्या फोनमधली छायाचित्रे क्लाउडवर चढत नाहीत ना, हेही पाहावे. अनेक कनेक्शनांत अपलोडचा वेग डाउनलोडपेक्षा बराच कमी असतो आणि तो एकट्या बॅकअपने भरला की तुमच्या आवाजाची पाकिटे (डेटाचे छोटे तुकडे) त्यामागे रांगेत खोळंबतात. बॅकअप रात्रीवर ढकलावा. राउटरमध्ये क्यूओएसची, म्हणजे कोणत्या कामाला आधी वाट द्यायची हे ठरवण्याची, सोय असल्यास कॉलला अग्रक्रम द्यावा.

प्रश्न : आतल्या खोलीत रिपीटर लावल्यापासून सिग्नलच्या सगळ्या दांड्या दिसतात, पण कॉल पूर्वीपेक्षा वाईट चालतो. असे का?

उत्तर : त्या दांड्या तुमच्यापासून रिपीटरपर्यंतच्या आहेत, रिपीटरला स्वतःला राउटर नीट ऐकू येतो की नाही, हे त्या सांगत नाहीत. शिवाय साधा रिपीटर तोच संदेश त्याच चॅनलवर पुन्हा पाठवतो, त्यामुळे उपलब्ध वेग जवळपास निम्मा होतो आणि विलंबही वाढतो. तो आतल्या खोलीतून काढून राउटर आणि ती खोली यांच्या साधारण मध्यावर, जिथे मूळ सिग्नल अजून चांगला आहे तिथे लावावा. रोजचेच कॉल असतील तर राउटरपासून थेट लॅपटॉपपर्यंत लॅनची केबल ओढणे सर्वांत उत्तम. ती १०० मीटरपर्यंत विनातक्रार चालते.