घरून काम करणाऱ्या विद्यापीठ कर्मचाऱ्यांचं काम मोजायचं कसं?

परीक्षा विभागातल्या लोकांना आठवड्यातले दोन दिवस घरून काम करायची मुभा दिलीय, तर माउस हलतोय का ते टिपणारं सॉफ्टवेअर घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय. मी अशाच एका विभागात कक्षाधिकारी आहे. नका घेऊ. माउस काय, घरातलं पोरही हलवेल.

आपल्याकडे कार्यविवरण नोंदवही आधीपासून आहेच. मागील शिल्लक, आवक, निकाली, अखेरची शिल्लक, असा दर आठवड्याचा गोषवारा. (बहुतेक ठिकाणी ती तपासणीच्या आदल्या दिवशी भरतात, तो भाग वेगळा.) तीच ऑनलाइन शीटवर घ्या आणि प्रत्येक अर्जापुढे 'कोणाकडे, किती दिवस' हा रकाना टाका.

पण नुसते 'निकाली'चे आकडे मागितलेत की खेळ सुरू होतो. शुक्रवारी संध्याकाळी धडाधड त्रुटी निघतात. 'गुणपत्रिकेची प्रत अस्पष्ट', अर्ज परत, नोंद निकाली. विद्यार्थी बिचारा नवी प्रत पाठवतो, तर पुढच्या शुक्रवारी 'नावात तफावत, राजपत्र जोडावे'. म्हणून आमच्याकडे त्रुटीत गेलेला अर्ज शिल्लकच धरतात. त्रुटी काढायच्या त्या एकदाच. दुसऱ्यांदा काढायची तर माझी सही लागते. ही सही मागायला फारसं कोणी येत नाही.

सगळे अर्ज एकाच मापाने मोजू नका. स्थलांतर प्रमाणपत्र संगणकावरून निघतं. १९९०च्या आसपास पास झालेल्याची ट्रान्स्क्रिप्ट (सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा) हवी असेल तर अभिलेख कक्षातून लेजर, म्हणजे गुणांची जुनी नोंदवही, काढा, धूळ झटका, विषयवार गुण बघून टाइप करा. घरी बसलेला लिपिक टाइप करतो आणि आकडा त्याच्या नावावर चढतो. लेजर शोधून स्कॅन करून पाठवणाऱ्याच्या नावापुढे शून्य. त्याच्यासाठी वेगळा रकाना ठेवा, नाहीतर महिनाभरात तोही घरून काम मागेल.

प्राध्यापकांना यातलं काही लावू नका. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला ४० तास आहेत, त्यात प्रत्यक्ष शिकवणं १६ तास. बाकीचं वाचन, पेपर तपासणं, संशोधन लॉगइनच्या वेळेवरून कळत नाही.

कुलसचिवांना एकच आकडा हवा असेल तर परीक्षा संपल्यापासून कितव्या दिवशी निकाल लागला, तो द्या. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे ३० दिवस, फार तर ४५.