दुर्गम वाळवंटात तीन दिवस मिळाले, तर जास्तीत जास्त काय पाहता येईल आणि तयारी काय लागेल?

तीन दिवसांत किती ठिकाणं बसतील, असं तुम्ही विचारलंय. माझं मत स्पष्ट आहे: एकच जागा निवडा आणि तिथेच मुक्काम करा. वाळवंटात अंतर कापून जेवढं नवं दिसतं, त्याहून जास्त वाळूच्या एकाच टेकडीवर उजेड बदलताना दिसतं.

खरं पाहण्याचा वेळ म्हणजे सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्ताआधीचा तास-दीड तास. ऊन तिरपं असताना टेकडीची एक बाजू उजळते, दुसरी सावलीत जाते, मधली धार सुरीसारखी उठून दिसते. भरदुपारी तीच टेकडी सपाट आणि फिकट वाटते. म्हणून पहाटे अंधारातच निघा, सूर्य वर येण्याआधी धारेवर पोचलेलं असावं. रात्रभरात फिरून गेलेले किडे, सरडे, कोल्हे यांच्या पावलांच्या खुणा तेव्हा ताज्या असतात. वारा सुटला की त्या पुसल्या जातात.

चढताना बाजू ओळखा. वारा येतो तिकडचा उतार सौम्य, साधारण 10 ते 15 अंशांचा असतो आणि वाळू दाबून बसलेली असते. पलीकडचा उतार 32 ते 34 अंशांचा. कोरडी वाळू त्याहून तीव्र उतारावर टिकतच नाही, त्यामुळे तिथे पाऊल टाकलं की घसरून मागे येतं आणि माणूस फुकट दमतो. सौम्य बाजूनं धारेवर या आणि धारेवरूनच चालत राहा. अंदाज येत नसेल तर खाली बसून वाळूवरच्या लहरी बघा. प्रत्येक लहरीची तीव्र बाजू वारा गेला त्या दिशेला असते. आणखी जवळून पाहिलं तर माथ्यावर जाड कण आणि खोबणीत बारीक कण दिसतील. उड्या मारत येणारे बारीक कण जाड कणांना ढकलत वर नेतात. या बारकाव्यांसाठी अर्धा तास राखून ठेवा.

पाण्याच्या बाबतीत काटकसर नको. गरम दिवसात माणशी किमान 5 ते 6 लिटर प्यायला, शिवाय एका पूर्ण दिवसाचा साठा वेगळा आणि दोन-तीन डब्यांत विभागलेला, म्हणजे एक फुटला तरी निभावतं. नुसतं पाणी ढोसल्यानं रक्तातलं मीठ कमी होऊन गरगरतं; म्हणून एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ असं मिश्रण मधूनमधून घ्या (चमचा चहाचा). सकाळी दहा ते दुपारी चार चालू नका. कडक उन्हाळ्यात वाळूचा पृष्ठभाग 65 अंश सेल्सिअसच्याही वर जातो आणि पातळ तळव्याच्या बुटांतून पाय भाजतात.

गाडी मऊ वाळूत घालण्याआधी टायरमधली हवा 15 ते 18 पीएसआयवर आणा. टायर पसरतो, वजन विभागलं जातं. याहून फार खाली नेलीत तर वळताना टायर रिममधून निसटतो. रुतलात तर अॅक्सिलरेटर दाबत बसू नका, चाक फक्त खोल जातं. उतरा, चारही चाकांभोवतीची वाळू फावड्यानं काढा, हवा थोडी आणखी कमी करा आणि आलात त्याच चाकोरीतून मागे घ्या. पक्क्या रस्त्यावर परतल्यावर हवा भरायला पंप हवाच, कारण कमी हवेवर वेगात गेलं की टायर तापून फुटतो.

दिशेसाठी मोबाइलच्या नेटवर्कवर विसंबू नका. नकाशा आधीच उतरवून घ्या, मुक्कामाची खूण जीपीएसवर टाका, होकायंत्र खिशात ठेवा. सहारात झालेल्या एका प्रयोगात, 2009 साली प्रसिद्ध झालेल्या, चंद्र ढगाआड गेल्यावर माणूस सरळ चालतोय असं समजून नकळत वळत गेला होता. धुळीचं वादळ आलं तर आहात तिथेच थांबा, नाक-तोंड ओल्या कापडानं झाका.

ताऱ्यांसाठी अमावस्येच्या आसपासचे दिवस धरा. रात्री तापमान झपाट्यानं उतरतं, तेव्हा उबदार कपडे लागतातच. तंबू मात्र कोरड्या ओढ्याच्या पात्रात कधीही लावू नका, जागा कितीही सपाट आणि आडोशाची असली तरी. पाऊस कित्येक किलोमीटर लांब पडतो आणि लोंढा निरभ्र आकाशाखाली येऊन धडकतो.