रोज वीस-वीस फ्रेझल व्हर्ब्ज (गो ऑफ, पिक अपसारखी जोडक्रियापदं) आणि ईडियम्स (वाक्प्रचार) पाठ करतोय, तरी बोलताना एकही तोंडात येत नाही. रोजच्या वापरातलं इंग्रजी शिकायचं कसं?

तुमचा प्रश्न वाचला आणि ड्युटीवरून आल्या आल्या ताट बाजूला ठेवून लिहायला बसले. तुम्ही लिहिलंय की मराठी माध्यम, वय २४, ५०० फ्रेझल व्हर्ब्जची पीडीएफ कुठूनतरी उतरवून घेतलीय, आणि क्लासवाल्या सरांनी सांगितलंय की मराठीतून विचार करणं सोडा म्हणजे आपोआप जमेल. हे शेवटचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ऐकलं तरी डोकं तापतं. म्हणून आधी माझं सांगते, लांबेल, पण वाचा.

मी तासगावकडची. शाळा मराठी, इंग्रजी पाचवीपासून. मी पाचवीत गेले त्याच वर्षी, २००० साली, सरकारनं पहिलीपासून इंग्रजी सुरू केलं, ते आमच्या मागच्या पोरांना मिळालं. मिरजेला जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केला, सात वर्षं वॉर्डात काढली आणि २०१९ मध्ये इंग्लंडला आले, उत्तरेकडच्या यॉर्कशायरला. निघायच्या आधी घरी सगळे जमले होते, तेव्हा मोठ्या भावजींनी सगळ्यांदेखत सांगितलं की मराठी मीडियमच्या पोरी तिकडं टिकत नाहीत, वर्षात परत येतात. आणि एक जाडजूड ईडियम्सचं पुस्तक माझ्या हातात ठेवलं, म्हणाले रोज दहा पाठ कर आणि मराठीत विचार करायची सवय मोड. मी खरंच केलं पाठ. तेव्हा नर्सिंगच्या रजिस्ट्रेशनला आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत प्रत्येक भागात सात आणि लिहिण्यात साडेसहा लागायचे, मला लिसनिंगला आठ होते. आठ! मला वाटलं आता काय, कान तयार आहे.

वॉर्डात लागून दोन-तीन महिने झाले असतील. एक आजी होत्या, ऐंशीच्या पुढच्या, हिप फ्रॅक्चरचं ऑपरेशन झालेलं, फार गोड बाई. मी सकाळी गोळ्या द्यायला गेले की म्हणायच्या, आय'व्ह गॉन राइट ऑफ मी टी, लव्ह. मी आपलं ऐकलं 'टी' आणि समजले की आजींना चहा नकोसा झालाय, ऑपरेशननंतर होतं असं, तोंडाला चव नसते. मी त्यांना कॉफी आणून दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, मी गरम दूध दिलं. ड्युटी बदलताना हँडओव्हरला पुढच्या नर्सला सांगितलंसुद्धा की या पेशंटला चहा नको, कॉफी द्या. त्या हसून थँक्यू म्हणायच्या, सकाळचा टोस्ट खायच्या, दुपारी थोडं सूप घ्यायच्या.

तिसऱ्या दिवशी आमची हेल्थकेअर असिस्टंट, तिथलीच, पन्नाशीची बाई, संध्याकाळचा ट्रे उचलताना माझ्याकडे आली. ट्रेवर बटाट्याचा लगदा, मटार, माशाचा तुकडा, सगळं जसंच्या तसं, काटा-चमचा कागदात गुंडाळलेलाच. म्हणाली, तीन दिवस झाले, ही बाई संध्याकाळचं काहीच खात नाहीये, तुला बोलली नाही का?

उत्तर इंग्लंडात 'टी' म्हणजे संध्याकाळचं जेवण. आणि 'गॉन ऑफ' म्हणजे त्याच्यावरची इच्छा गेलेली. आजी तीन दिवस मला सांगत होत्या की रात्रीच्या जेवणावरची वासना उडालीय, आणि मी त्यांना कॉफी देत होते. ऐंशीच्या पुढची बाई, हाड जुळायचंय, अंगात ताकद हवी, आणि ती अर्धपोटी. सिस्टरनं बाजूला बोलावून विचारलं, डिड यू नॉट पिक अप ऑन इट? म्हणजे तुझ्या लक्षात आलं नाही का? मला 'पिक अप' म्हणजे उचलणं एवढंच माहीत, मी म्हणाले, नो सिस्टर, शी पिक्ड अप द ट्रे. सिस्टर माझ्याकडे बघत राहिली. मी स्टाफरूममध्ये जाऊन दार लावून रडले. आजी पुढं नीट खायला लागल्या, चालत घरी गेल्या, पण मला ते अजून विसरता येत नाही.

त्या रात्री खोलीवर आल्यावर भावजींचं पुस्तक काढून बघितलं. 'गो ऑफ' होतं त्यात. मी पेन्सिलनं खूणपण केली होती. अर्थ दिलेला, स्फोट होणे. उदाहरण बॉम्बचं. आता मला सांगा, माझ्या वॉर्डात बॉम्ब कुठून येणार होता? अलार्म वाजला तर गोज ऑफ, दूध नासलं तर गॉन ऑफ, एखादा माणूस नकोसा झाला तर त्याच्यावरून मन गेलं तेही गॉन ऑफ हिम. यादीत एका शब्दाला एक अर्थ चिकटवलेला असतो आणि माणसं तसं बोलत नाहीत.

आणि मग मला जे सुचलं ते मी आजपर्यंत धरून बसलेय. आपण मराठीत काय म्हणतो? वासना उडाली. झोप उडाली. रंग उडाला. मन उडालं. हे 'उडणे' म्हणजे तरी दुसरं काय, तेच 'ऑफ' आहे. म्हणजे मी जर मराठीतून नीट विचार केला असता तर मला आजींचं पहिल्याच दिवशी कळलं असतं. मी मराठी सोडून विचार करायला गेले म्हणून घोटाळा झाला.

आपल्या भाषेत हे सगळं आहे हो, कोणी दाखवत नाही. 'लागणे' घ्या. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, नंबर लागतो, बस लागते, भात खाली लागतो, वेळ लागतो, डोळा लागतो. याची यादी करून कुणी परदेशी माणसाला पाठ करायला दिली तर तो वेडा होईल, पण तुम्ही आम्ही कधी पाठ केलं? त्यांचं 'गेट' तसंच आहे. खाऊन टाक, सांगून टाक, संपवून टाक, यातला 'टाक' काय करतो, काम पुरं करतो. ईट अप, फिनिश अप, यूज अप, त्यातला 'अप' तेच करतो. रात्री एक पेशंट म्हणाले, सॉरी, आय ड्रॉप्ड ऑफ, मी लगेच वहीत लिहिलं, माझा जरा डोळा लागला. तेच ड्रॉप ऑफ गाडीतून कुणाला सोडलं तरी म्हणतात, पण मी ते वेगळ्या पानावर लिहिलं, कारण मराठीत ते वेगळं वाक्य आहे.

वही म्हणजे खिशात मावेल अशी छोटी, आणि मी ती सगळी देवनागरीत लिहायची, ऐकलं तसं. स्पेलिंग नंतर. कारण कानाला 'गॉन ऑफ' असं ऐकू येत नाही, 'गॉनॉफ' असं एकच ऐकू येतं. समोर त्याला चपखल बसणारं मराठी, आणि ते जमेपर्यंत झोपायचं नाही. कम राउंड, शुद्धीवर येणे. थ्रो अप, उलटी. बंग्ड अप, पोट साफ न होणे, किंवा नाक चोंदणे, जे असेल ते. स्पेंड अ पेनी म्हणजे लघवीला जाणे, पूर्वी तिथं सार्वजनिक संडासाला एक पेनी टाकावी लागायची म्हणून. हे मला आजींच्या शेजारच्या बाईंनी समजावून सांगितलं. पुट अप विथला मला एक आठवडा लागला. सहन करणे लिहिलं होतं पण ते पुस्तकी, शेवटी आईशी फोनवर बोलताना ती शेजाऱ्यांच्या कुत्र्याबद्दल म्हणाली, किती दिवस खपवून घ्यायचं, आणि मी फोनवरच ओरडले, आई, मिळालं!

ईडियम्सचं म्हणाल तर निम्मे सोडून द्या. शाळेत रेनिंग कॅट्स अँड डॉग्स शिकवलं, मी इतकी वर्षं इथं पावसात राहतेय, एकाही माणसाच्या तोंडून ऐकलं नाही. आमच्याकडे म्हणतात चकिंग इट डाउन, म्हणजे बाहेर नुसता ओततोय.

मागच्या वर्षी भावजी आले होते, त्यांचा मुलगा सोबत, पहिलीपासून इंग्लिश मीडियम, फाडफाड बोलतो. आमच्या शेजारणीला तो म्हणाला, आय पास्ड आउट इन ट्वेंटी ट्वेंटी-टू. ती बिचारी घाबरून विचारते, ओ नो, वेअर यू ऑल राइट? इथं पास आउट म्हणजे चक्कर येऊन पडणे, पदवी घेणे नाही. मी तिला समजावून सांगितलं. पोराची चूक नाही, भारतात सगळे तसंच म्हणतात. पण भावजी गप्प झाले आणि मला खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. माध्यमाचा संबंध नाही, समोरचा माणूस काय बोलतोय ते कानावर पडलं पाहिजे आणि ते आपल्या कुठल्या बोलण्याशी जुळतं ते कळलं पाहिजे.

हां, एक राहिलंच. वाक्य वाक्याला जुळवा, शब्द शब्दाला जुळवू नका, नाहीतर फसाल. मी डॉक्टरांना आय हॅव अ डाउट म्हणायची, मला म्हणायचं होतं शंका आहे, विचारायचंय. त्यांना वाटायचं मला त्यांच्या निर्णयावर संशय आहे. क्वेश्चन म्हणायचं तिथं. आणि तुम्ही जर बँकेच्या किंवा स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षेसाठी करत असाल तर पीडीएफ फेकू नका, तिथं यादीतलंच विचारतात, ते पाठ करावंच लागेल. तुम्ही ते लिहिलं नाहीये.

रोज किती करायचे हे विचारलंय तुम्ही. मी दिवसाला दोन किंवा तीन लिहायची, तेही त्या दिवशी कुणाच्यातरी तोंडून ऐकलेलेच. आसपास इंग्रजी बोलणारं कोणी नसेल तर इंग्लंडमधल्या घरातल्या, बाजारातल्या साध्या गप्पांचे व्हिडिओ बघा, बातम्या नकोत, बातम्यांत कोणी असं बोलत नाही. आणि तुमच्या त्या ५०० मधलं 'गो ऑफ' आज काढून बघा, समोर काय अर्थ दिलाय ते मला कळवा.