हिवाळ्यात बर्फ पडतो तिथे सावली, कडक ऊन आणि ओलसर जागा, अशा तिन्हींसाठी शोभेची कोणती झाडं निवडावीत?

आधी तुमच्या भागाचा हार्डिनेस झोन, म्हणजे हिवाळ्यात किती थंडी पडते त्यानुसार पाडलेला पट्टा, बघा. आकडा जितका लहान, तितकी थंडी जास्त. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या नकाशात असे 13 झोन आहेत. वर्षातल्या सर्वांत कमी तापमानाच्या सरासरीवरून ते ठरतात आणि दोन झोनमध्ये साधारण 5.6 अंश सेल्सियसचा फरक असतो.

पण नुसत्या झोनवर विसंबू नका. माझ्या मते थंडीपेक्षा हिवाळ्यात मुळाशी साचलेलं पाणीच जास्त झाडं मारतं. लॅव्हेंडर हे त्याचं ठळक उदाहरण. निचऱ्याच्या, वाळूमिश्रित जमिनीत ते थंडी काढतं, पण चिकणमातीत त्याच थंडीत कुजतं. वसंतात खोड जमिनीलगत काळं, मऊ पडलेलं दिसलं की समजा, घात पाण्यानं केलाय.

सावलीत होस्टा लावा. हिवाळ्यात पानं पूर्ण नाहीशी होतात, घाबरू नका, वसंतात गुंडाळलेले कोंब वर येतात. उन्हाच्या कोरड्या जागी जाड, रसाळ पानांचं सेडम, ओलसर जागी सायबेरियन आयरिस. ही तिन्ही झाडं झोन 3 किंवा 4 पासून सहज टिकतात.

पिओनी या मोठ्या फुलांच्या झाडाला तर थंडी हवीच असते, त्याशिवाय नीट फुलत नाही. फक्त तिचे लालसर डोळे (जिथून कोंब फुटतात) मातीखाली 5 सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नका, नाहीतर वर्षानुवर्षं नुसती पानंच येतील.

कुंडीत लावणार असाल तर तुमच्या झोनपेक्षा दोन झोन जास्त थंडी सोसणारं झाड घ्या, कारण कुंडीतली मुळं चारही बाजूंनी गारठतात.