किराण्यातला लसूण लावलाय? युरिया आधी बाजूला ठेवा

प्रश्न: घरात आणलेल्या लसणाच्या पाकळ्या वाफ्यात लावल्या. निम्म्या उगवल्याच नाहीत. ज्या उगवल्या त्यांना गड्डा न धरता एककळी, म्हणजे एकाच गोल पाकळीचा लसूण झाला. दुकानदार म्हणतो, युरिया वाढवा आणि गड्डा फुगवायचे टॉनिक मारा. बियाण्याला अनुदान मिळेल का?

उत्तर: युरिया वाढवू नका, टॉनिकही मारू नका. एककळी होते ती थंडी कमी पडल्याने, उशिरा लावल्याने किंवा पाकळी फार बारीक असल्याने. खताने पाकळ्या पडत नाहीत. तो एककळी लसूण जपून ठेवा, पुढच्या हंगामात वेळेवर लावला की त्याचाच पाकळ्यांचा गड्डा होतो.

उगवण न होण्याचे कारण बहुधा लसणातच असते. साठवणीत कोंब येऊ नयेत म्हणून काही मालावर काढणीआधी फवारणी करतात किंवा विकिरण देतात. तो माल कितीही पाणी घाला, नीट उगवत नाही. काहींचे बूड मुळांसकट खरवडून साफ केलेले असते, तेही घेऊ नका. लावण्याआधी एक पाकळी उभी चिरा. आतला हिरवा कोंब पाकळीच्या निम्म्यावर आला असेल तर माल लावायला तयार आहे. कोंब अगदी बारीक असेल तर अख्खे गड्डे कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात 6 ते 8 आठवडे ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बुरशी धरते. बाहेर काढल्यावर लगेच लावा.

पाकळ्या लागवडीच्या दिवशीच सुट्या करा, साल काढू नका. बाहेरच्या जाड पाकळ्याच लावा, आतल्या बारीक स्वयंपाकाला जाऊ द्या. टोक वर, खोली 2 ते 3 सेंमी, अंतर 15 बाय 10 सेंमी. उलटी लागलेली पाकळी उगवते, पण मान वाकडी होऊन गड्डा बेढब होतो. पाणी साचणारी जागा नको.

एक चौरस मीटरला पूर्ण कुजलेले शेणखत 2 किलो, तेही लागवडीआधी. युरिया द्यायचाच तर 30 आणि 45 दिवसांनी 5-5 ग्रॅम. मूठभर नाही, ग्रॅम! 60 दिवसांनंतर दाणाही नको. उशिरा दिलेल्या नत्राने पात हिरवीगार दिसते आणि दुकानदाराचे म्हणणे खरे वाटते. पण खाली पाकळ्यांना पुन्हा कोंब फुटतात, गड्डा उकलतो आणि साठवणीत सडतो. पात पिवळी पडली तरी आधी माती उकरून ओल बघा. जास्त पाण्यानेही पात पिवळी पडते, अशा वेळी युरिया टाकला तर नुकसान दुप्पट.

मऊ, डागाळलेली किंवा बुडाशी पांढरी बुरशी असलेली पाकळी वाफ्यात नेऊच नका. पांढरी सड या बुरशीच्या रोगाची बीजे मातीत 20 वर्षेही टिकतात, मग त्या जागी कांदाही घेता येत नाही. म्हणून पहिल्या वर्षी किराण्यातला लसूण कुंडीत लावा आणि त्यातले निरोगी, मोठे गड्डे बियाण्याला राखा. दरवर्षी दुकानातून आणण्यापेक्षा घरचे बियाणे केव्हाही चांगले.

अनुदानाचे चालू वर्षाचे निकष सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचा कृषी सहायक) विचारा, पण त्यासाठी लागवड लांबवू नका.

निम्मी पात वाळली की पाणी तोडा. 10 ते 15 दिवसांनी पातीसकट उपटा आणि जुड्या बांधून सावलीत टांगा.