बारकोड तीन टक्के वेगळा आला म्हणजे नवी प्रजाती सापडली का?

तुमचा प्रश्न असा: बंदरावर घेतलेल्या माशाचा सीओआय बारकोड (ओळखीसाठी वाचला जाणारा एका ठरलेल्या जनुकाचा तुकडा) जवळच्या प्रजातीपेक्षा तीन टक्के वेगळा निघालाय, आता नव्या प्रजातीचं वर्णन कसं लिहायचं?

इतक्यात लिहू नका. आधी जुनी नावं उकरा. बारकोड काढला, आकडा दोन टक्क्यांच्या पुढे गेला की नाव ठेवून मोकळं व्हायचं, ही जी पद्धत पडलीय तिच्याशी माझं जुनं भांडण आहे.

आपल्या पापलेटाचंच बघा. 2023 मध्ये महाराष्ट्राने ज्याला राज्य मासा ठरवलं, त्या रुपेरी पापलेटाला वर्षानुवर्षं पँपस अर्जेंटियस म्हटलं गेलं. पण हे नाव युफ्रासेनने 1788 मध्ये दिलं ते चीनकडच्या माशाला. भारतातल्या नमुन्यांचा डीएनए तिकडच्या माशाशी जुळेना. घाई करणाऱ्याने तिथेच नवं नाव ठोकून दिलं असतं. ते जन्मतःच बाद ठरलं असतं, कारण भारतातल्या याच माशाला क्युविएने 1829 मध्येच कँडिडस हे नाव देऊन ठेवलं होतं. पुढे ते अर्जेंटियसचं समनाम, म्हणजे त्याच प्रजातीचं दुसरं नाव, समजून बाजूला पडलं. 2019 मध्ये संशोधकांनी नवं नाव न देता तेच पुन्हा वर काढलं आणि माशाचं नव्याने वर्णन केलं. मांटा या मोठ्या पाकट माशाचंही तसंच: 2009 मध्ये एकाच्या दोन प्रजाती झाल्या तेव्हा दुसरीसाठी क्रेफ्टचं 1868 चं अल्फ्रेडी हे नाव तयारच होतं.

म्हणून एशमायरच्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे माशांच्या वैज्ञानिक नावांच्या ऑनलाइन यादीत, तुमच्या माशाचा अख्खा वंश काढा. फक्त वैध नावं नकोत, समनामं आधी बघा. प्रत्येक नावापुढे मूळ नमुना कुठला आणि कुठल्या संग्रहालयात आहे ते दिलेलं असतं. तांबडा समुद्र, श्रीलंका, पुदुच्चेरी, इंडोनेशिया इथली नावं सगळ्यात आधी तपासा, तुमच्या माशाचं जुनं नाव त्यांतच असण्याचा संशय जास्त. जुन्या वर्णनकारांपैकी क्युविए-व्हॅलेन्सिएनचे बरेचसे नमुने पॅरिसला, ब्लॉखचे बर्लिनला, ब्लीकरचे मुख्यतः लायडनला, फ्रान्सिस डेचे कोलकाता, लंडन वगैरे ठिकाणी विखुरलेले. प्रत्येक वेळी जावं लागत नाही. फोटो आणि एक्स-रे मागवता येतात.

तुलना कोणाशी, हेही आधी ठरवा. हलवा पापलेटासारखा दिसतो, पण तो करँजिडी कुळातला. शेपटीच्या देठावरचे खवले बघा, लगेच कळतं. दिसण्यावरून नातेवाईक निवडू नका, तुलनेला त्याच वंशातल्या प्रजाती घ्या, आणि त्याही सारख्या मापाच्या. लहान माशाचा डोळा डोक्याच्या मानाने मोठा असतो. 80 मिमीचा तुमचा आणि 200 मिमीचा त्यांचा मासा शेजारी ठेवून ‘डोळा मोठा’ लिहिलंत तर परीक्षक पहिल्याच वाचनात परत पाठवेल. मापं डाव्या बाजूची, 0.1 मिमीपर्यंत, प्रमाण लांबीच्या (तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या बुडापर्यंत) टक्क्यांत. एकूण लांबी धरू नका, शेपटी बहुधा तुटलेली असते. पाठीच्या आणि गुदाच्या परातल्या शेवटच्या दोन काड्या एकाच बुडातून निघत असतील तर एकच मोजायची. इथे दोघांनी वेगवेगळं मोजलं की एका काडीचा ‘फरक’ उगाच निर्माण होतो. मणके एक्स-रेवरच मोजा. कल्ल्याच्या पहिल्या कमानीवरचे गिल रेकर (दात्यांसारखे काटे) वरचे आणि खालचे वेगळे लिहा.

नमुन्याचा क्रम चुकवू नका. आधी ताज्या रंगाचा फोटो, पर टाचणीने पसरून, त्यांच्या बुडाशी ब्रशने फॉर्मॅलिन लावून. मग उजव्या बाजूचा मांसाचा तुकडा 95 टक्के इथेनॉलमध्ये. त्यानंतरच मासा 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे बाजारातलं एक भाग, पाणी नऊ भाग, थोडा बोरॅक्स. मोठा मासा असेल तर पोटात इंजेक्शन, नाहीतर आतून सडतो. आठवडाभराने पाण्यात धुऊन 70 टक्के अल्कोहोल. फॉर्मॅलिन आधी झालं तर डीएनए जवळपास गेलाच म्हणून समजा. आणि तांडेलाला जाळं कुठे, किती वाव पाण्यात टाकलं होतं ते विचारून त्याच दिवशी लिहा. ‘बंदरावर मिळाला’ हे ठिकाण नव्हे.

आता तुमच्या तीन टक्क्यांबद्दल. थनस वंशातल्या, म्हणजे कुप्याच्या, काही प्रजातींमध्ये सीओआयचा फरक एक टक्काही नसतो, तरी त्या वेगळ्या आहेत. उलट एकाच प्रजातीच्या दूरच्या गटांत तो दोनच्या वर जाऊ शकतो. शिवाय हा जनुक फक्त आईकडून येतो, त्यामुळे संकर झाला असेल तर तो फसवतो. एखादा पेशीच्या केंद्रकातला जनुक जोडीला घ्या.

हेही खरं की एका नमुन्यावरूनही प्रजाती वैध ठरते. 1999 मध्ये इंडोनेशियाच्या सीलाकँथ या दुर्मिळ माशाचं वर्णन एकाच माशावरून झालं. पण तुमचा मासा सीलाकँथ नाही, जाळ्यात पुन्हा येईल. लहान-मोठे, नर-मादी असे जमवा, एक होलोटाइप (ज्यावर नाव टिकतं तो मुख्य नमुना), बाकीचे पॅराटाइप (जोडीचे नमुने).

छापताना: जर्नल फक्त ऑनलाइन असेल तर शोधनिबंध आधी झूबँकवर (प्राण्यांच्या वैज्ञानिक नावांची ऑनलाइन नोंदवही) नोंदवलेला आणि तसा उल्लेख निबंधात हवा, नाहीतर नाव ग्राह्यच धरलं जात नाही. होलोटाइप कपाटात ठेवू नका. जैवविविधता कायदा 2002 च्या कलम 39 नुसार नव्या प्रजातीचा नमुना नियुक्त संग्रहालयात द्यावाच लागतो: उदाहरणार्थ कोलकात्याचं झूलॉजिकल सर्व्हे, किंवा समुद्री जीवांसाठी गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. नोंद क्रमांक मिळाल्यावरच हस्तलिखित पाठवा.