दातांचा विमा की सवलतीचे कार्ड?

प्रश्न : आमच्या कंपनीचे पुणे आणि नाशिक येथे मिळून तीन कारखाने असून सुमारे १,८०० कर्मचारी आहेत. मी मनुष्यबळ विभागात काम करते. आमच्या समूह आरोग्य विम्यात दातांच्या उपचारांचा खर्च मिळत नाही, म्हणून युनियनने या वेळच्या मागणीपत्रात दंत विमा मागितला आहे. दंतचिकित्सालयांच्या एका साखळीने ‘डेंटल इन्शुरन्स कार्ड’ देऊ केले आहे. दरसाल माणशी ९०० रुपये भरायचे, त्यात वर्षातून दोनदा दात स्वच्छ करून मिळतील आणि रूट कॅनालला ८,००० रुपयांपर्यंत ‘संरक्षण’ राहील, असे त्यांचे म्हणणे आहे. निम्मी रक्कम पगारातून कापावी, असे व्यवस्थापनाला वाटते. करारावर सही करावी का?

उत्तर : महोदया, या स्वरूपातील करारावर सही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कर्मचाऱ्यांच्या दातांची सोय करण्याचा आपला हेतू योग्यच आहे. हरकत आहे ती कार्डावर छापलेल्या ‘इन्शुरन्स’ या शब्दाला.

विमा कायदा, १९३८ च्या कलम ३ प्रमाणे विम्याचा व्यवसाय करण्यासाठी विमा नियामक प्राधिकरणाकडे, म्हणजे आयआरडीएआयकडे, नोंदणी असावी लागते. आपण पाठवलेल्या तपशिलावरून हे कार्ड देणारी संस्था चिकित्सालये चालवते. कोणत्याही विमा कंपनीचे नाव अगर पॉलिसीचा क्रमांक त्यात कोठेही नाही. ठरावीक रकमेत स्वतःच्याच चिकित्सालयात उपचार करून देण्याचे आश्वासन असेल, तर तो सेवेचा साधा करार झाला, आणि त्याला विमा म्हणणे ही दिशाभूल आहे. उलट, रोग उद्भवल्यास अन्य दंतवैद्याकडील खर्चाचे ८,००० रुपयांपर्यंत पैसे देण्याची हमी असेल, तर तो नोंदणीविना केलेला विम्याचा व्यवसाय ठरू शकतो. म्हणजे दोन्ही अर्थांनी ‘विमा’ हा शब्द तेथे टिकत नाही.

हा काथ्याकूट केवळ शब्दांचा नाही. विमा कंपनीने दावा नाकारला, तर कर्मचाऱ्याला प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे लेखी दाद मागता येते, आणि महिनाभरात उत्तर न आल्यास किंवा आलेले उत्तर न पटल्यास विमा लोकपालाकडे जाता येते. लोकपालाची कार्यालये मुंबई आणि पुणे येथे आहेत, समूह पॉलिसीखालील तक्रारीही तेथे चालतात, शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही. सवलतीच्या कार्डाला यांतले काहीही लागू नाही. साखळीने चिकित्सालय बंद केले किंवा ‘या दाताला कार्ड चालत नाही’ असे सांगितले, तर १२०० रुपयांच्या बिलासाठी त्या कामगाराला जिल्हा ग्राहक आयोगाचे उंबरठे झिजवावे लागतील, आणि तो आधी आपल्याच टेबलासमोर येऊन उभा राहील.

आता आपल्या सध्याच्या पॉलिसीकडे वळू. दातांचा खर्च मिळत नाही याचे मूळ बहुधा व्याख्यांमध्ये सापडेल. समूह आरोग्य विमा प्रामुख्याने रुग्णालयात किमान २४ तास दाखल होण्याभोवती रचलेला असतो. त्याला अपवाद असलेल्या ‘डे केअर’, म्हणजे २४ तासांच्या आत उरकणाऱ्या, उपचारांच्या प्रमाणित व्याख्येतही, जे उपचार सर्वसाधारणपणे बाह्यरुग्ण म्हणून घेतले जातात ते वगळलेले आहेत. दात भरणे, काढणे, रूट कॅनाल करणे, कॅप बसवणे ही सारी कामे दवाखान्याच्या खुर्चीत बसूनच होतात, म्हणून ती बाहेर पडतात. अपघातात जबड्याला इजा होऊन रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तर मात्र बहुतेक पॉलिसींत त्या उपचारांचा खर्च मिळतो. तेव्हा आपल्याला हवे आहे ते वेगळे कार्ड नसून, याच समूह पॉलिसीला जोडलेले दातांच्या उपचारांसह बाह्यरुग्ण संरक्षण. विमा कंपनीकडून किंवा आपल्या ब्रोकरकडून त्याचा लेखी प्रस्ताव मागवा. त्यात माणशी वार्षिक मर्यादा किती, प्रतीक्षा कालावधी आहे का, कुटुंबीय समाविष्ट आहेत का, कॅप आणि इम्प्लांट यांचे काय, वेडेवाकडे दात सरळ करणे वगळले आहे का, आणि कर्मचाऱ्याच्या नेहमीच्या दंतवैद्याचे बिल चालेल का, हे सर्व शब्दांत आलेले पाहा. शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्या सिन्नरच्या कामगाराला पुण्यातल्या चिकित्सालयाचा काडीचाही उपयोग नाही.

पगारातील कपातीबाबत मी अधिक सावध राहीन. कोणत्या कपाती करता येतात, याची यादी वेतनविषयक कायद्यातच दिलेली आहे. खासगी चिकित्सालयाच्या कार्डाची वर्गणी त्या यादीत सरळपणे बसत नाही. कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या संरक्षणाचा हप्ता कंपनीने पूर्ण भरावा, आणि ज्यांना कुटुंबीयांची नावे घालायची आहेत त्यांच्याकडूनच, प्रत्येकाच्या स्वतंत्र लेखी संमतीने, तेवढी रक्कम घ्यावी. विमा कंपनीला प्रत्यक्ष दिलेल्या हप्त्याहून एक रुपयाही अधिक घेऊ नये. प्राप्तिकराच्या दृष्टीनेही हीच वाट बरी आहे, कारण मान्यताप्राप्त आरोग्य विम्याचा मालकाने भरलेला हप्ता कर्मचाऱ्याच्या हाती करपात्र ठरत नाही, तर वैद्यकीय बिलांच्या परताव्यावरील १५,००० रुपयांची जुनी सूट २०१८-१९ या आर्थिक वर्षापासून बंद झालेली आहे. खर्चाचा अंदाज बांधताना १८ टक्के जीएसटी धरा. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्य विम्यावरील कर गेला, समूह विम्यावरील गेला नाही.

कपातीचा विषय निघाला की मला काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेले एक फिटर आठवतात. त्यांनी अकरा महिन्यांच्या पगारपत्रकांची चळत टेबलावर ठेवली होती. प्रत्येकावर ‘मेडिक्लेम’च्या रकान्यात कपात होती, आणि कडा घामाने मऊ पडल्या होत्या. विमा कंपनीच्या यादीत मात्र त्यांचे नाव नव्हते, कारण मालकाच्या सीडी खात्यात, म्हणजे हप्त्यांसाठी विमा कंपनीकडे आगाऊ पैसे ठेवण्याच्या खात्यात, पुरेशी शिल्लक नसल्याने नव्या नावांचे एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीत ती नावे चढवण्याची नोंद, झालेलेच नव्हते. विमा कायद्याच्या कलम ६४व्हीबी प्रमाणे हप्ता आगाऊ मिळाल्याखेरीज विमा कंपनीला जोखीम स्वीकारता येत नाही, त्यामुळे तिने हात वर केले. मालकाने कापलेला हप्ता पुढे भरला नाही म्हणून कामगाराच्या वारसाचे नुकसान होऊ नये, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये बसंती देवी प्रकरणात दिलेला आहे. परंतु तो आयुर्विमा महामंडळाच्या पगार बचत योजनेपुरता, तिच्या विशिष्ट रचनेवर आधारलेला होता. त्या भरवशावर कोणी राहू नये. सीडी खात्यातील शिल्लक दरमहा तपासणे आणि प्रत्येक नव्या कर्मचाऱ्याला त्याच्या नावाचे विमा प्रमाणपत्र हातात देणे, ही जबाबदारी आपल्या विभागातील एका नेमक्या व्यक्तीवर लेखी सोपवा.

युनियनशी होणाऱ्या करारनाम्यात ‘दंत विमा देण्यात येईल’ एवढेच मोघम वाक्य घालू नका. तसे लिहून नंतर सवलतीचे कार्ड दिले, तर कराराची अंमलबजावणी न केल्याचा आरोप येईल, आणि महाराष्ट्रात ती १९७१ च्या कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतील नवव्या बाबीखाली अनुचित प्रथा ठरते. पॉलिसीतील शब्द आणि करारनाम्यातील शब्द तंतोतंत जुळले पाहिजेत; पॉलिसीची प्रत परिशिष्ट म्हणून जोडावी, आणि पुढील नूतनीकरणात मर्यादा कमी झाली तर काय करायचे तेही आजच ठरवावे.

ज्यांचे वेतन दरमहा २१,००० रुपयांपर्यंत आहे ते कर्मचारी राज्य विमा योजनेत असतील, आणि तेथे बाह्यरुग्ण उपचार त्यांना आधीपासूनच मिळायला हवेत. त्यांना या नव्या लाभातून वगळा असे मी म्हणत नाही. पण त्यांची कार्डे चालू आहेत का, कुटुंबीयांची नावे चढलेली आहेत का, हे याच निमित्ताने पाहून घ्या. कंत्राटी कामगार आपल्या हजेरीपटावर नसल्याने त्यांची नावे परस्पर आपल्या समूहात घालू नका. कंत्राटदाराने त्यांच्यासाठी पॉलिसी काढावी, अशी अट त्याच्या करारात घालता येईल.

कार्ड विकणाऱ्या साखळीला आज एवढेच लेखी विचारा : आपल्यामागे कोणती नोंदणीकृत विमा कंपनी आहे, पॉलिसीचा क्रमांक काय, आणि दावा नाकारल्यास कर्मचाऱ्याने कोणाकडे जायचे. हे उत्तर हाती येईपर्यंत १,८०० जणांची नावे, जन्मतारखा आणि मोबाइल क्रमांक असलेली ती एक्सेल फाइल त्यांना पाठवू नका.